माईकात सांगितलेलं नाव

१

दुपारची भांडी सोनिया परसात घासायची. सासू अंबूबाई शेळ्या घेऊन ओढ्याकडं गेलेली असायची, सोप्यात साडीच्या झोळीत पोर निजलेलं असायचं, आणि दिवसभरात तेवढाच काय तो वेळ असा असायचा की तिला कुणी हाक मारत नव्हतं. राख आणि तारेची घासणी घेऊन ती दगडावर बसायची आणि एक कान सोप्याकडं ठेवायची. बाळंतिणीचा एक कान झोळीलाच बांधलेला असतो, असं तिची आई म्हणायची. ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी रडणं कानावर आलं तसा तिला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला. राखेचे हात तिनं कसेबसे धुतले आणि ती आत निघाली. परसातनं आत आलं की आधी स्वयंपाकघर, मग बोळ, बोळाच्या डाव्या अंगाला मधली खोली, आणि बोळ संपला की सोपा. रडणं समोरून यायला हवं होतं. ते आलं डावीकडनं.

मधल्या खोलीत कुणी नव्हतं. ज्वारीची पोती होती, गाद्यांची चळत होती, आणि कोपऱ्यात कृष्णातचा साउंड बॉक्स होता, त्याच्यावर तिनंच विणलेला लोकरीचा रुमाल. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला आणि रडणं थांबलं. आईची चाहूल लागली की पोर जसं थांबतं, हुंदका अर्धा गिळून, तसं.

ती सोप्यात गेली. पोर जागं होतं. डोळे टक्क उघडे, गाल कोरडे, तोंड मिटलेलं.

तिनं त्याला उचललं, पाजलं, आणि स्वतःची समजूत घातली. घरावर मागच्याच वर्षी स्लॅब टाकला होता. स्लॅबच्या घरात आवाज भिंतीवर आपटून कुठनंही कुठं जातो, असं गवंडीच म्हणाला होता. आणि रात्रीची झोप नाही तिला, दोन-दोनदा उठावं लागतं. अशा बाईला काय, कुठनंही काहीही ऐकू येईल.

पण पाजताना तिनं पोराच्या गालावरनं परत एकदा बोट फिरवलं. कोरडाच होता.

२

कृष्णात म्हणजे तिचा नवरा. तो तिकडं सेलमला गलाईच्या दुकानात होता. विट्याच्या आसपासच्या निम्म्या घरांतले पुरुष असेच लांबच्या मुलखात जुनं सोनं आटवत बसलेले. घरी त्यांचा फोन यायचा आणि जत्रेला ते स्वतः यायचे. दिवसभर भट्टीपुढं, ॲसिडच्या वाफेत. रविवारी दुकान बंद, मग गावाकडची सगळी मंडळी एका खोलीत जमायची आणि कराओकेवर गाणी म्हणायची. दुसरा विरंगुळा काय त्यांना? कृष्णातचा गळा बरा होता. नसता तरी चाललं असतं, कारण बॉक्सला इकोचं बटण होतं, ते पिळलं की कुणाचाही गळा बरा व्हायचा.

यंदा जत्रेला येताना तो बॉक्स घेऊनच आला. मोबाइल जोडून त्यानं बायकोला सगळं दाखवलं. पडद्यावर गाण्याच्या ओळी यायच्या आणि म्हणायची वेळ झाली की अक्षरं एकेक करून पिवळी व्हायची. बाजा सगळा वाजायचा, गाणारा तेवढा गायब. ज्या गाण्याची अशी तयार चाल मिळत नव्हती, त्यासाठी बॉक्सवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की गाण्यातनं माणसाचा आवाज बॉक्स स्वतःच काढून टाकायचा.

सोनियाची शाळा सातवीपर्यंत झालेली. तिला हे काही पटेना. दुधात पडलेलं पाणी काढता येत नाही, मग बाजात मिसळलेला माणूस कसा निघेल?

"मग काढल्याला आवाज जातो कुठं?" तिनं विचारलं.

"कुठं जातोय? आमी सोनं आटवताना गाळ जातो तसा जातोय."

"गाळ तर तुमी जपून ठिवताय की. त्यातनं परत सोनं निघतं म्हणून."

कृष्णात हसला. म्हणाला, "लय डोकं चालवू नगंस. घाल तो रुमाल वरनं, धूळ बसंल."

पोर तेव्हा तीन महिन्यांचं होतं. कृष्णातला सुट्टी जत्रेशिवाय मिळत नव्हती म्हणून बारसं लांबलेलं, ते त्याच आठवड्यात उरकायचं ठरलं. दारात मांडव घातला. मलकापूरला दिलेली नणंद मंगल दोन पोरं घेऊन आली, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकते, पोराच्या कानात नाव सांगते, बाया तिच्या पाठीत बुक्क्या घालतात, आणि मग ते नाव चारचौघांना कळतं. आधी कान, मग गाव. असंच चालत आलेलं.

कृष्णातचं म्हणणं पडलं की मांडवात मागं बसलेल्यांनाही ऐकू आलं पाहिजे. त्यानं मंगलच्या हातात माईक दिला. पाळण्याचं गाणं लावलं, बायांना स्वतःच म्हणता यावं म्हणून लाल बटण दाबलं, आणि हौसेनं इको पुरता पिळला. मंगलनं जन्मात कधी माईक धरला नव्हता. ती वाकली, लाजली, आणि पोराच्या कानाशी न्यायचे ओठ तिनं माईकला लावले.

"कुर्रर्र. ऋषिराज."

बुक्क्या पडल्या. मंगल हसत उठली, तिला फोटोला कुणी ओढून नेलं, आणि कान राहून गेला. सोनिया पाळण्याच्या दोरीपाशीच होती. तिला दिसलं की मंगलचं तोंड आणि पोराचा कान यांच्या मधे तो काळ्या स्पंजचा गोळा होता, आणि पोर त्याच्याकडं बघून ओरडून रडत होतं. नाव मांडवभर घुमलं. परत आलं, परत आलं, आणि शेवटचं आलं ते इतकं बारीक की बाहेरनं आल्यासारखं वाटलंच नाही.

वन्सं, कानात सांगायचं राहिलं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण सगळे हसत होते. पेढे वाटायला सुरुवात झाली होती. तिनं तोंड मिटलं.

कृष्णात परत गेला तेव्हा बॉक्स इथंच राहिला. ट्रॅव्हल्सच्या डिकीत जागा नव्हती.

३

"शांत पोर हाय गं तुझं," असं गावातल्या बाया म्हणायला लागल्या. पाणी भरताना, दळणाच्या गिरणीत, कुठंही. आधी तिला बरं वाटायचं.

मग तिच्या ध्यानात आलं की पोर रडत नाही असं नाही. ते रडतं. भूक लागली की तोंड वासतं, कपाळाला आठ्या पडतात, पाय झाडतं, लाल होतं. आवाज तेवढा नसतो. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर आतली माणसं भांडतात तसं ते रडायचं. आणि त्याच वेळी मधल्या खोलीतनं रडणं यायचं, चांगलं खणखणीत.

अंबूबाईलाही ते ऐकू यायचं. हीच गोष्ट सोनियाला सगळ्यांत वाईट वाटायची. आपल्या डोक्यात भरलंय म्हणावं, तर सासू शेळ्यांना पाला टाकता टाकता ओरडायची, "सोने, लेकरू रडतंय, घे की." सोनिया झोळीपाशीच उभी असायची. पोर तिच्या कडेवर असायचं. सासूला दिसत होतं ते रडणारं पोर आणि त्याला घेऊन उभी असलेली आई. आवाज कुठल्या भिंतीकडनं येतोय हे बघायचं तिला काय कारण?

तिनं बॉक्सची वायर काढली. लाईट लागतच नव्हता त्याचा, तरी रडणं यायचंच. आत बॅटरी असते, ती उतरायला दिवस लागतात, असं कृष्णात फोनवर म्हणाला. मग तिनं बारशाचा व्हिडिओ बघितला. बायांची गाणी होती त्यात, बांगड्यांचा आवाज होता, कुणाचं तरी ताट पडल्याचा सुद्धा होता. कॅमेरा पाळण्यावर गेला. पोराचं तोंड उघडं, गळ्याची शीर ताठ. बाकी सगळं ऐकू येत होतं.

"माईक तसाच असतो," कृष्णातनं सांगितलं. "जवळचा आवाज घेतो, लांबचा तोडतो."

"आवं, माईक त्याच्या तोंडापुढंच हुता."

तिकडनं भट्टीचा फरफर आवाज येत राहिला. मग त्यानं पोराला दाखव म्हणून सांगितलं. तिनं फोन झोळीत धरला. बाप हाका मारत होता, ऋषी, ए ऋषिराज, बघ की. पोर छताकडं बघत होतं. मधल्या खोलीत मात्र कोणीतरी खुदकन हसलं.

"हसला की," कृष्णात म्हणाला. "उगं काळजी करतीस."

४

बॉक्स घरातनं काढायचा, असं तिनं ठरवलं. साधी गोष्ट होती. दुपारी सासू नसताना तिनं तो चाकांवर ओढत शेळ्यांच्या खोपटात नेला, वर गोणपाट टाकलं आणि दार लावलं.

त्या संध्याकाळी पोरानं दूध घेतलं नाही. तोंडात दिलं की ओठांच्या कडेनं गळून जायचं. अंग ऊन नव्हतं, गार नव्हतं. पिठाच्या पिशवीसारखं मऊ पडलं होतं, उचलावं तिकडं कलायचं. तिनं रात्रभर त्याला छातीशी धरलं. उजाडताना अंबूबाईनं खोपटातनं हाक मारली.

शेळ्या दावी ताणून बॉक्सभोवती गोळा झाल्या होत्या. गोणपाट खाली पडलं होतं. नुकतीच व्यालेली शेळी सगळ्यांत पुढं होती, बॉक्सच्या जाळीला तोंड लावून, आणि तिच्या सडांतनं दूध आपोआप ठिबकत होतं. खाली मातीत पांढरं डबकं झालं होतं. तिचं करडू लुचायला आलं तर तिनं त्याला लाथ घातली.

अंबूबाईचा जन्म शेळ्यांत गेलेला. तिनं करडाला उचलून बाजूला घेतलं. मग म्हणाली, "हे घरात ने आदी."

सोनियानं तो घरात नेला. पोत्या-गाद्यांच्या कोपऱ्यात ठेवला, वर रुमाल घातला. दुपारपर्यंत पोर प्यायला लागलं.

५

सांगलीला मोठा डॉक्टर आहे म्हणून कळलं तेव्हा ती एसटीनं गेली. सोबतीला मंगल मलकापूरहून आली. रांगेत बसल्या बसल्या मंगल तिला धीर देत होती, पण धीर द्यायची तिची तऱ्हा वेगळी. ती म्हणाली, "वैनी, तुझं पोर गप बसतंय म्हणून तू रडतीस. माझी दोन घेऊन जा आठ दिवस, मंग परत ये डॉक्टरकडं."

सोनियाला हसू आलं, किती दिवसांनी. तेवढ्यात तिला सांगून टाकावंसं वाटलं, की वन्सं, तुमी कानात सांगितलंच न्हाई. पण ज्या बाईनं आपल्यासाठी कामावरची सुट्टी काढली, तिच्या पदरात हे टाकायचं कसं? आणि सांगून डॉक्टर काय लिहून देणार होता?

डॉक्टरनं कान तपासले. यंत्रानं तपासले, मग पाठीमागं टाळी वाजवून तपासले. घशात दिवा धरून बघितलं. मग रक्त घ्यायला नर्सनं सुई टोचली. पोरानं तोंड वासलं. चेहरा लाल झाला, जांभळा झाला, जीभ थरथरली, डोळ्यांत पाणी आलं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. नर्स म्हणाली, शूर आहे हो बाळ. मंगलनं मात्र त्या तोंडाकडं बघितलं आणि ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सगळे कागद दोनदा बघितले. सगळं नॉर्मल आहे, असं म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच ते आवडलं नाही. सहा महिन्यांनी परत या.

दिवेलागणीला ती घरी पोचली. अंबूबाई उंबऱ्यावर बसली होती. चूल पेटवली नव्हती.

"दुपारी तू आलीवतीस काय गं?"

"न्हाई. आत्ताच येतोय आमी. का वं?"

"मी परड्यात हुते," अंबूबाई म्हणाली. "पोरानं असा टाहो फोडला, असा, का कुणी इंगळावर ठिवलंय. मी म्हटलं तुमी आलाव. पळत आत गेले तर घरात कुणीच न्हाई." मग पोराकडं बघत तिनं विचारलं, "त्याला काय केलं का तिथं? टोचलं काय?"

सोनियानं पोराचा दंड दाखवला. कापसाचा बोळा चिकटलेला होता.

६

"मला बी दिसलं हुतं," अंबूबाईनं त्या रात्री कबूल केलं. "बारशादिवशी. पर कृष्णातानं एवढं हौसंनं आणल्यालं. म्हटलं, कान काय नि माईक काय."

मग त्या दोघींनी ठरवलं. ठरवलं म्हणजे अंबूबाई बोलली आणि सोनियानं मान हलवली. पोरं जगत नव्हती त्या काळात बाया काय करायच्या, तेच करायचं. नाव बदलायचं, आणि असं ठेवायचं की कुणाला हावच वाटू नये. मांडव नको, गाणं नको, फोन तर नकोच. मंगलला निरोप गेला. ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली, आणि का बोलावलं हे तिनं विचारलं नाही. सांगलीत बघितलेलं तोंड ती विसरली नव्हती.

दारं लावली. रीतीप्रमाणं अंबूबाईनं आधी वरवंटा कुंचीत गुंडाळून झोळीत निजवला, पोराच्या शेजारी, म्हणजे नजर लागायची ती दगडाला लागते. थोडा वेळ झोका दिला आणि वरवंटा काढून घेतला. सोनियाला वाटलं, आता झोळी वर येईल. वरवंटा चांगला वजनाला होता. झोळी होती तिथंच राहिली, दोघांच्या भारानं ताणल्यासारखी.

मंगल वाकली. ह्या खेपेला तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला, ओठ पोराच्या कानाला टेकवले आणि अगदी हळू सांगितलं. काय सांगितलं ते सोनियाला ऐकू आलं नाही, पण ठरलेलं तिला माहीत होतं. दगडू.

पोर रडलं.

घोगरं, मोठं, गळा खरवडून. सगळं घर भरून गेलं. आवाज झोळीतनं येत होता, दुसरीकडनं कुठनंही नाही. मंगल मटकन खाली बसून रडायला लागली आणि अंबूबाई साखरेचा डबा शोधायला धावली. सोनियानं पोराला उचललं. केवढं जड लागलं ते. तिनं त्याला पदराखाली घेतलं, आणि त्यानं तोंड फिरवलं.

तेव्हापासून तो अंगावर प्यायलाच नाही. शेळीचं दूध वाटी-चमच्यानं घ्यायचा, घटाघटा, आणि आठवड्याभरात गुटगुटीत दिसायला लागला. दगडू म्हटलं की मान वळवायचा. कुणाकडंही जायचा. शेजारणी, पाव्हणे, रस्त्यानं जाणारा भंगारवाला सुद्धा. सगळ्यांकडं बघून सारखाच हसायचा, आणि सोनियाकडं बघूनही तेवढंच. तो रडला की तिला पान्हा यायचा नाही. कोरडी राहायची ती. फक्त दुपारी, भांडी घासताना, मधल्या खोलीतनं कोण तरी स्वतःशीच बोलल्यासारखं बोबडं बोलायला लागलं की ब्लाउज ओला व्हायचा.

ते आता रडत नव्हतं. रडून कुणी येत नाही हे त्याला कळलं असावं.

अंबूबाईनं मधल्या खोलीला कडी घातली. सुनेची नजर तिकडं गेली की ती म्हणायची, "सोने, जे हातात हाय ते आपलं. जे दिसत न्हाई त्याला पाजता येत न्हाई."

सोनिया रात्री दगडूच्या तोंडाकडं बघत बसायची. तेच नाक, तीच हनुवटीवरची खळी. ज्या नावाला तो ओ देतो ते आपण कुणाला दिलं, एवढंच तिला कळत नव्हतं. आणि हे विचारायचं कुणाला?

७

बॉक्स उगाच वाजतो हे अंबूबाईनंच मुलाला कळवलं. कृष्णातनं सोनियाला फोन केला. तो खुशीत होता. पोराचा आवाज फुटला म्हणून त्यानं तिकडं मिठाई वाटली होती. म्हणाला, शेजारच्या कुणाचा टीव्ही पकडत असेल तो. आपल्या गावचा आकाराम गाडी घेऊन सेलमला निघालाय, त्याच्याबरोबर बॉक्स पाठवून दे, इथं रविवारी लागतोच.

"आणि त्याच्याआदी एक कर," तो म्हणाला. "मागल्या अंगाला बारीक भोक हाय. त्यात पिन घाल नि दाबून धर. आत जे काय साठलं असंल ते समदं पुसलं जातं. नव्यासारखा हुतो."

आकाराम निघायच्या दिवशी सकाळपासनं ती मधल्या खोलीकडं फिरकली नव्हती. आकारामची गाडी दारात येऊन लागली तेव्हा अंबूबाईनं दगडूला कडेवर घेतलं, कडी काढून दिली आणि ती अंगणात गेली. सोनियानं बांगडीला अडकवलेली पिन सोडवली आणि दार लोटून घेतलं.

खोलीत खिडकीतनं उन्हाचा पट्टा पडला होता, पोत्यांवरनं धूळ तरंगत होती. तिनं रुमाल काढून घडी घातली. बॉक्स भिंतीकडं होता तो फिरवला. मागं वायरीची जागा, तिच्या वर ते बारीक भोक, आणि त्याच्याही वर एक मोठं गोल भोक, वारा जायला असतं तसं, तिची मूठ जाईल एवढं. त्या भोकाची कड ओलसर होती. तिनं वास घेतला. आंबूस, कोमट. तिच्या सगळ्या जुन्या साड्यांना येतो तो वास.

तिनं पिन बारीक भोकाशी नेली.

"आये," बॉक्स म्हणाला.

हाक मारल्यासारखं नाही. आई खोलीत आहे हे माहीत असलेलं पोर खेळता खेळता म्हणतं, नुसतं बघायला की ती अजून आहे ना, तसं. दगडू अजून काही म्हणायला लागला नव्हता.

सोनियानं पिन ओठांत धरली. आत काय असणार, वायरी असतील, कापूस असेल, लोहचुंबक असतं म्हणतात. एकदा हाताला लागलं म्हणजे आपली आपल्यालाच खात्री होईल. तिनं मोठ्या भोकात हात घातला. मनगटापर्यंत ऊब लागली. ती बोटानं चाचपायला लागली आणि मग तिच्या पहिल्या बोटाला कशानं तरी धरलं.

ज्या बाईनं पोर वाढवलंय तिला ती पकड दुसऱ्या कुणी सांगावी लागत नाही. जोर नसतो तिच्यात. बोटं इवलीशी असतात, ओली असतात, आणि सोडत नाहीत.

ती ओरडली नाही. तिला भीतीही वाटली नाही, आणि हे तिला नंतर आयुष्यभर आठवणार होतं. ती गुडघ्यांवर बसली, ओठांतली पिन खाली पडली ती तिनं उचलली नाही, आणि त्या भोकाला तोंड लावून तिनं त्याचं नाव सांगितलं, ते बारशातलं. हळू. फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच.

पकड घट्ट झाली.

बाहेर हॉर्न वाजला. अंबूबाईनं दारापाशी येऊन विचारलं, झालं का गं. सोनियाचा हात आतच होता. मग आकारामच दार ढकलून येईल, बॉक्सला हात घालेल, आणि हे तसंच उचललं जाईल, ह्या धास्तीनं ती भानावर आली. तिनं दुसरा हात आत घातला आणि ती बोटं सोडवायला लागली. एक सोडवलं की आधीचं परत मिटायचं. ती त्याला समजावत होती, पाळण्यापासनं उठून कामाला जाताना समजावतात तसं, आले हं, आत्ता आले. शेवटचं बोट सुटलं तेव्हा आतनं काही आवाज आला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कृष्णात विचारत होता, दाबलं का. तिनं सांगितलं, मला जमलं न्हाई.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हितं आला का मी दाबतो."

तिनं तोंड उघडलं. काय सांगणार होती ती त्याला? सेलमच्या त्या खोलीत दहा-बारा गडी बसलेले असतील, चहा आलेला असेल, कुणीतरी पिन शोधत असेल. आवं, दाबू नगा, एवढं तिनं म्हटलं. तिकडं भट्टीचा आवाज होता. त्यानं बरं बरं म्हणून फोन ठेवला.

आकारामनं बॉक्स उचलला. "लय जड हाय की वैनी. काय भरलंय आत?" असं हसत म्हणत त्यानं तो डिकीत आडवा घातला आणि झाकण लावलं. झाकण एका दणक्यात बसलं नाही, दुसऱ्यांदा आपटावं लागलं.

गाडी ओढ्याशी वळली तेव्हा तिला पान्हा फुटला. असा कधी फुटला नव्हता. ब्लाउज भिजला, पदर भिजला, पोटावरनं धारा लागल्या. अंबूबाईनं ते बघितलं, दगडूला तिच्या हातात दिलं आणि तिला आडोशाला, दाराआड, बसवलं. दगडूनं मान वळवली. वास घेतला. आणि नाव ठेवल्यापासून पहिल्यांदाच त्यानं तिच्या छातीला तोंड लावलं.

"बघ," अंबूबाई डोळे पुसत म्हणाली, "वळखलं आईला."

सोनिया उघड्या दारातनं रस्त्याकडं बघत होती. गाडीची धूळ खाली बसली, रस्ता मोकळा झाला, तरी दूध थांबत नव्हतं, आणि तो प्रत्येक घोट मोठ्यानं गिळत होता.